राणीच्या बागेचा रविवार

मुंबईस गावाकडचा पाहुणा आला म्हणजे त्यास काय काय दाखवावयाचे हे आता दोनतीन पिढ्यांपासून ठरून गेले आहे. महालक्ष्मीचे दर्शन, चौपाटीचे पाणी, मलबार टेकडीवरील म्हातारीचा बूट आणि भायखळ्याची राणीची बाग. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींस पैसा पडत नाही. चौथीस पडतो, आणि आजचा आमचा लेख त्या पैशासंबंधी आहे. एवढ्याशा गोष्टीवर अग्रलेख कसला लिहिता, असे ज्यांस वाटेल त्यांनी हा रकाना सोडून खुशाल पुढील पान उलटावे. महिन्याच्या वीस तारखेनंतर पन्नासाची नोट मोडताना ज्यांच्या घरी दोनदा विचार होतो, त्यांच्यासाठी आम्ही लिहीत आहो.

मागे एका रविवारी सातारा जिल्ह्यातील आमचे एक शेतकरी स्नेही नातवंडांसह आमच्याकडे उतरले होते. त्यांस घेऊन आम्ही बागेच्या फाटकाशी गेलो. खिडकीपुढे मोठी रांग होती. आमच्या पुढे एक कुटुंब उभे होते. नवरा, बायको, तीन मुले आणि नवऱ्याची बहीण. नवरा कोठे तरी माल चढविण्या-उतरविण्याचे काम करणारा असावा. खिडकी जवळ येऊ लागली तसा त्यांचा हिशेब सुरू झाला. आईबाप व दोन मुले मिळून शंभर रुपये. तिसऱ्या मुलाचे निराळे, आणि बहिणीचे पन्नास. बहीण म्हणाली, "वहिनी, तुम्ही या जाऊन. मी बघितलीय लहानपणी. डबा घेऊन बसते इथंच." वहिनीने एकदा आग्रह केला, दुसऱ्यांदा केला नाही. बाई खरोखरच डब्याची पिशवी घेऊन कुंपणाच्या भिंतीशी बसली, आणि आम्ही आत गेलो.

आत गेल्यावर मनुष्य पुष्कळ गोष्टी विसरतो. सुमारे पन्नास एकरांची ही जागा; तीन हजारांच्या आसपास झाडे आणि त्यांच्या पावणेतीनशेंवर जाती. बाहेर मोटारींचा धूर आणि उड्डाणपुलांचा गोंगाट, तर आत दहा पावलांवर इतकी गार सावली की आमच्या स्नेह्यांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. आयुष्यभर ज्याने झाडे लावली व जगविली त्या माणसास झाडे दाखविणे म्हणजे सोनारास सोने दाखविणे. गोरखचिंचेचा पोटाळलेला बुंधा पाहून ते म्हणाले, "ह्याच्या पोटात दुष्काळाचं पाणी आहे." ही गोष्ट त्यांस कोणी सांगितली नव्हती. हे झाड मूळचे आफ्रिकेचे, आणि आपल्या खोडात पाणी साठवून ते कोरड्या मुलखात तग धरते, हे आम्हांस पुस्तकात वाचून ठाऊक होते. त्यांनी ते बुंध्यावर थाप मारून ओळखले. कैलासपतीची खोडावरच लागलेली तोफगोळ्यासारखी फळे पाहून मुले हसली. मेणबत्तीच्या झाडास लोंबणाऱ्या पिवळ्या शेंगा खऱ्या मेणाच्या आहेत की काय हे पाहण्यासाठी धाकट्याने हात लावला, आणि एका माळ्याने त्यास न रागावता, पडलेली एक शेंग उचलून हातात दिली. त्या माळ्यास आमचा नमस्कार. ब्रह्मदेशाकडून आलेली उर्वशी त्या दिवशी फुलली नव्हती, त्यामुळे तिची लाल झुंबरे पाहण्याचा योग हुकला.

ही बाग मुळात आमच्यासारख्यांसाठी काढलेली नव्हती. पश्चिम हिंदुस्थानची शेतकी व बागायती मंडळी या नावाची गोऱ्या साहेबांची व शहरातील श्रीमंतांची एक संस्था होती. तिने माझगावच्या एका जुन्या वाडीत ही बाग उठविली आणि 1862 साली गव्हर्नर फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते ती उघडण्यात आली. नाव राणी व्हिक्टोरियाचे. डॉक्टर बर्डवुड यांची खटपट, डेव्हिड ससून यांचा पैसा, नाना शंकरशेट व डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचा पुढाकार, अशी बागेची व तिला लागून 1872 साली उघडलेल्या अजबखान्याची हकीकत सांगतात, आणि ती खरीच आहे. एक बगदादी यहुदी, एक दैवज्ञ शेटजी, एक गोमंतकातून आलेला वैद्य आणि एक इंग्रज डॉक्टर असे चार मुलखांचे लोक एका कामास लागले, ही त्या मुंबईची थोरवी. परंतु तीन हजार झाडांचे तीन हजार खड्डे कोणी खणले आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी कोणी घातले, त्यांचे नाव कोणत्याही पाटीवर नाही. ज्या जोतीराव फुले यांचे आम्ही नाव घेतो त्यांचे घराणे फुलांचा धंदा करणारे. तेव्हा माळ्याचे नाव राहून जाते ही गोष्ट आमच्या डोळ्यांत सहज खुपते.

1873 साली ही बाग म्युनिसिपालिटीच्या ताब्यात आली आणि तेव्हापासून ती मुंबईकरांच्या कराच्या पैशावर उभी आहे. आमच्या लेखाची सारी मदार या एका वाक्यावर आहे.

अजबखान्याच्या आवारात दगडाचा एक हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी ज्या हत्तीवरून घारापुरीस एलिफंटा म्हटले, तोच हा. 1864 साली त्यास विलायतेस नेण्याचा बेत झाला. उचलताना यारी मोडली, हत्ती खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे येथे आणून पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जुळविण्यात आले. नीट निरखून पाहिले तर सांधे दिसतात. यारी मजबूत असती तर आज हा हत्ती लंडनात असता आणि तेथे त्यास पाहावयास जाणे आमच्या स्नेह्यांच्या नातवंडांस मुळीच परवडले नसते! तसाच काळा घोडा. एडवर्ड बादशहा युवराज असताना मुंबईस आला, त्याची आठवण म्हणून ससून घराण्याने तो कोटात बसविला होता. 1965 साली स्वार-घोड्यासह त्याची रवानगी इकडे झाली. कोटातील त्या नाक्यास अद्याप काळा घोडाच म्हणतात. 2017 साली तेथे नवा घोडा उभारला, तो स्वाराविना. लोक राजास विसरले, घोडा लक्षात ठेवला. बागेच्या नावाची गंमत याच्या उलट आहे. व्हिक्टोरियाचे नाव जाऊन वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव आले, हे योग्यच झाले. पण लोकांच्या तोंडी ती राणीचीच बाग राहिली. यात कोणी वाईट वाटून घेऊ नये. जिजाऊसाहेब काय राणी नव्हत्या? लोक आता त्याच राणीची बाग म्हणतात असे समजावे.

आता रविवाराविषयी. रविवारी बागेत इतकी गर्दी का, असा प्रश्न कोणास पडत नाही, कारण रविवार म्हणजे सुट्टी हे सूर्य उगवण्याइतके स्वाभाविक वाटते. ते तसे नाही. एकोणिसाव्या शतकात भायखळा, परळ, लालबाग, चिंचपोकळी या टापूत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. बागेच्या भोवतालीच म्हणा ना. त्या गिरण्यांत मनुष्य उजाडल्यापासून मावळेपर्यंत साच्यापाशी उभा असे आणि आठवड्यास ठरलेली अशी सुट्टी त्यास नव्हती. सणावाराला गिरणी बंद राहील तेव्हा राहील. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधु' पत्र 1880 साली मुंबईस आणून चालविले आणि 1884 साली परळास मजुरांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या. साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज झाला. आठवड्यास रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार ठराविक तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्यास मदत, अशा त्या मागण्या. त्यांतील पहिली मिळण्यास सहा वर्षे लागली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार मजूर जमले, त्यांच्यापुढे दोन मजूर स्त्रियाही बोलल्या, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. बाग दर बुधवारी बंद असते. जनावरांस व माळ्यांस विसावा हवा म्हणून तसा नियम आहे, आणि चांगला आहे. पण वाघास बुधवार न मागता मिळाला आणि माणसास रविवार सहा वर्षे मागावा लागला, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

बाग आधी आली, रविवार मागाहून आला. बाग 1862 ची. तिच्या हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मजुरास ती दिवसाउजेडी, बायकामुलांसह, धावपळ न करता पाहण्याची सवड 1890 नंतर मिळाली. लोखंडे यांनी मिळवून दिला तो नुसता कामाचा खाडा नव्हता. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसांनी रविवार काढावयाचा तर ती सुट्टी नव्हे, ती कोंडी आहे. सुट्टीस जागा लागते. गरिबाच्या सुट्टीची जागा म्हणजे सार्वजनिक बाग. दुसरी त्यास परवडत नाही.

बागेतील एका बाकाने काय होऊ शकते याचा एक दाखला आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. चर्नी रोड स्टेशनाजवळच्या बागेत, जीस आज स. का. पाटील उद्यान म्हणतात, संध्याकाळी एक शाळकरी मुलगा पुस्तक वाचीत बसलेला असे. त्याचे बिऱ्हाड परळच्या चाळीतील एका खोलीत. विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर त्याच बागेत फिरावयास व वाचावयास येत. त्यांनी मुलाची चौकशी केली, त्यास पुस्तके दिली, आणि 1907 साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरून त्याचे अभिनंदन झाले. केळुसकरांनी त्या सभेत आपले बुद्धचरित्र त्यास भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडून त्याच्या शिक्षणास मदत मिळवून देण्यातही केळुसकरांचा हात होता. तो मुलगा भीमराव आंबेडकर. ज्या काळी त्याच्या जातीच्या माणसास पाणवठ्यावर हात लावू देत नसत, त्या काळी या शहरातील एका बाकावर तो पुस्तक उघडून बसू शकला आणि एका मास्तराच्या दृष्टीस पडला. त्या बागेच्या दारात पन्नास रुपयांच्या तोडीची रक्कम रोज मोजावी लागती तर तो रोज तेथे बसता काय?

ज्या बोले यांचे नाव वर आले त्यांनीच 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात तो सुप्रसिद्ध ठराव संमत करून घेतला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले असावेत, असा तो ठराव. त्यात बागांचा उल्लेख नाही. पण त्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते: जे सर्वांच्या पैशाने चालते त्याचे दार सर्वांस उघडे. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने कागदावर 1924 साली खुले केले आणि त्याचे पाणी ओंजळीत घेण्यास 20 मार्च 1927 उजाडावा लागला. म्हणजे दार कागदावर उघडणे निराळे आणि माणूस आत जाणे निराळे. तिकीट म्हणजे अस्पृश्यता नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्हीही तसे म्हणत नाही. त्या दुःखाशी या पैशाची बरोबरी करणे हा त्या दुःखाचा अपमान होईल. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याच्यापुढे दार उघडे आहे तो आत जाऊ शकतो की नाही हे पाहण्याची सवय या शहराने त्या माणसांकडून घ्यावी.

2017 सालच्या ऑगस्टात महापालिकेने प्रौढांचा दर पाच रुपयांवरून पन्नासावर नेला. मुलांचा पूर्वी दोन रुपये होता, तोही त्याच मानाने वाढला. सकाळी फिरावयास येणाऱ्यांचा मासिक पासही महागला. आधीच्या वर्षी दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले होते. त्यांतील एक थोड्याच महिन्यांत दगावला, उरलेल्यांसाठी गारव्याचे काचघर बांधले. चिली व पेरू देशांच्या किनाऱ्यावर थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, तेथले हे पक्षी. भायखळ्याच्या दमट उन्हाळ्यात त्यांस जगवावयाचे म्हणजे वीज जळणारच. आम्हीही त्यांस पाहिले. मुले हरखली, खोटे कशाला बोला, आम्हीही हरखलो. पेंग्विनांशी आमचे काही वैर नाही. पण पेंग्विनाच्या गारव्याचे बिल गोरखचिंचेच्या सावलीवर का लावता, हा आमचा प्रश्न आहे. काचघराच्या दाराशी वेगळे तिकीट ठेवा. ज्यास पक्षी पाहावयाचा तो देईल. झाडाची सावली 1862 पासून पडते आहे, तिला वीज लागत नाही.

यावर ठरलेले उत्तर असे येते की, बाग राखावयास खर्च येतो, आणि जो वापरतो त्याने तो द्यावा. वाक्य दिसावयास न्यायाचे आहे. पण गरीब देत नाही हे कोणी सांगितले? 1 जुलै 2017 पर्यंत मुंबईच्या नाक्यांवर जकात घेतली जात असे आणि पालिकेच्या उत्पन्नाचा ती मोठा खांब होती. त्या जकातीचा भार शेवटी गिऱ्हाइकाच्याच किमतीत चढे, मग ते गिऱ्हाईक बंगल्यातील असो की झोपडीतील. ती जाऊन वस्तु व सेवा कर आला, तो साबणाच्या वडीवरही द्यावा लागतो. आणि जकातीच्या बदल्यात सरकार पालिकेस जी भरपाई देते ती लोकांच्या करांतूनच. तेव्हा कुंपणाशी बसलेल्या त्या बाईने बागेचे पैसे आधीच दिलेले होते. खिडकीवर तिच्याकडून दुसऱ्यांदा मागितले एवढेच.

दुसरे एक उत्तर उघड बोलत नाहीत, पण दिवाणखान्यांत बोलतात: दर कमी ठेवला की 'नको ती' गर्दी होते, केर होतो, पिंजऱ्यांत दगड मारतात. केर होतो हे खरे. आमच्या लोकांनी शेंगांची टरफले हिरवळीवर टाकू नयेत आणि माकडास चकल्या चारू नयेत, हे आम्ही याच रकान्यातून हजार वेळा लिहू; ज्या बाकावर आपले लेकरू बसणार तो घाण करणे ही कसली मालकी? पण केराचा इलाज झाडू, टोपली, पहारेकरी आणि शिकवणूक हा आहे. पन्नास रुपये देणारा मनुष्य केर करीत नाही असा ज्यांचा समज आहे, त्यांनी एखाद्या बड्या लग्नाच्या मांडवात जेवणानंतर जाऊन पाहावे.

उलट, या बागेवर खरे संकट आले ते गर्दीकडून नव्हे. 2007 च्या सुमारास ही बाग परदेशी धर्तीचे मोठे प्राणिसंग्रहालय करण्याची योजना निघाली, आणि जुन्या झाडांचे काय होणार याची चिंता पडली. तेव्हा शहरातील काही नागरिकांनी, ज्यांत स्त्रिया पुढे होत्या, झाडन्‌झाड मोजून, जातवार याद्या करून, वर्षानुवर्षे भांडून ही बाग वनस्पतींची बाग म्हणून राखण्याची खटपट केली. ती मंडळी बहुतेक सुशिक्षित व सुस्थितीतील होती. आम्ही त्यांचे ऋण मानतो. पण आमच्या मजूरवर्गाने, ज्याचे या बागेवाचून सर्वांत जास्त अडते, त्या भांडणात किती वाटा उचलला, हे आम्ही आमच्या लोकांस विचारल्यावाचून राहणार नाही.

कारण एकदा आपण असेच झोपलो होतो आणि त्याची किंमत अद्याप मोजीत आहो. 18 जानेवारी 1982 पासूनच्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले; गिरण्या पुढे एकामागून एक बंद पडल्या आणि शहराच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी होऊ घातली. 1991 च्या नियमात असे होते की, विकासास निघालेल्या गिरणीच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागा व सार्वजनिक सोयींसाठी पालिकेस, तिसरा घरांसाठी, आणि उरलेला मालकास. 2001 साली त्या नियमात एक फेरफार झाला: हिस्से पाडावयाचे ते साऱ्या जमिनीचे नव्हे, जिच्यावर मुळातच बांधकाम नव्हते तेवढ्याच तुकड्याचे. गिरणीत मोकळा तुकडा असावयाचा तो किती? 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेरफार कायम ठेवला. म्हणजे परळ-लालबागेत राणीच्या बागेसारख्या आणखी दोनचार बागा होण्याजोगी जमीन होती, ती एका कलमातील चार शब्दांनी गेली. आज तेथे बुरूज उभे आहेत, आणि त्या बुरुजांच्या तळाशी हिरवळही आहे. तिच्यावर पहारेकरी आहे. आमच्या स्नेह्यांस आम्ही ती कुंपणाबाहेरून दाखविली, ते म्हणाले, "गवत चांगलं राखलंय. गुरं नसतील."

जे गेले ते गेले. जे आहे त्याविषयी आमची मागणी अशी. काचघरे व नवी प्रदर्शने यांस हवे तर निराळे तिकीट असावे. बागेस, म्हणजे झाडे, वाटा, बाके व हिरवळ यांस, नसावे. हे एकदम होणे पालिकेस जड वाटत असेल तर निदान रविवारी खिडकी बंद व फाटक उघडे ठेवावे. आणि तेही जड वाटत असेल तर महिन्याच्या पहिल्या रविवारापासून आरंभ करावा. उत्पन्न बुडेल ते किती, याचा आकडा पालिकेने प्रसिद्ध करावा, म्हणजे पेंग्विनांच्या विजेशी तो ताडून पाहता येईल. आत, फाटकाजवळ, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची एक साधी पाटी असावी: हा रविवार कोणामुळे मिळाला आणि कोणत्या तारखेस. खड्डे खणणाऱ्या माळ्यांसाठी दुसरी. आमच्या वाचकांपैकी जे गिरणगावात, धारावीस, मानखुर्दास मंडळे चालवितात त्यांनी या मागणीचा अर्ज करून त्यावर सह्या घ्याव्या. लोखंडे यांनी साडेपाच हजार घेतल्या होत्या, तेव्हा मोटारी नव्हत्या आणि सह्या करणारांपैकी पुष्कळांस अक्षर येत नव्हते. भरलेले कागद आमच्या कचेरीत पोहोचते करावे, आम्ही ते घेऊन जाऊ.

आम्ही बाहेर आलो तेव्हा उन्हे कलली होती. ती बाई भिंतीशी तशीच बसली होती. सावली सरकली तशी चार हात सरकली असेल. मुले धावत येऊन तिला सांगू लागली आणि ती डबा उघडता उघडता विचारू लागली की, तळ्याकाठचे ते मोठे झाड अजून आहे का.